प्लायवुडचे इंजिन

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे, पण माझा आवाज आजवर कोणी ऐकलेला नाही. मला तेल लागत नाही, पाणी लागत नाही, आणि मला सुरू करायला गेलात तर तुमचेच हसे होईल. कारण मी प्लायवुडचे आहे. बोटी बांधण्याच्या या कारखान्यात मला सरळ 'खोटे इंजिन' म्हणतात. सुरुवातीला हे नाव मला फार लागायचे.

माझा जन्म एका नवरा-बायकोच्या हट्टापायी झाला. काकांनी उभी हयात उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काढली होती आणि काकूंनी पाण्याचे पंप दुरुस्त करण्याच्या दुकानात. काम थांबवल्यावर त्यांनी राहते घर मुलीला दिले आणि स्वतःला राहायला पोलादी मोटरबोट बांधायला घेतली. तयार बोट त्यांना नको होती. सोबत खलाशी नको, मेकॅनिक नको. दोघांनीच चालवायची आणि बिघडली तर दोघांनीच दुरुस्त करायची.

आराखडे काढणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांच्या खोलीत भिंतभर कागद लावलेले असत. दोन नांगर, पाण्याच्या टाक्या, बॅटऱ्या, छोटी नाव उचलायची क्रेन, अशी लांबलचक यादी होती, आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचे वजन आणि जागा. दर आठवड्याला काका येऊन त्या यादीत भर घालत.

"ताई, ओव्हनशेजारी एक उंच कपाट बसेल का हो? फार नाही, एवढंसं," असे म्हणत ते दोन्ही हात पसरत.

"यांचं एवढंसं म्हणजे अर्धी बोट," काकू म्हणत. "माझ्या इंजिनाला जागा ठेवा म्हणजे झालं."

शेवटी कपाट बसले. त्यासाठी स्वयंपाकघराची भिंत वीतभर मागे सरकली, आणि डेकवरचे जे चौकोनी तोंड इंजिन आत-बाहेर करायला ठेवले होते, ते वीतभर लहान झाले.

ताईंचा कागदावर फारसा विश्वास नव्हता. "कागदावर कुणाचं डोकं आपटत नाही," असे त्या म्हणत. म्हणून पोलादाचा पत्रा कापण्याआधी त्या शेडमध्ये पट्ट्या आणि पुठ्ठे ठोकून खरोखरीच्या मापाची खोली उभी करत. तिच्यात उतरायचे, बसायचे, वाकायचे आणि मगच आराखडा पक्का करायचा. या वेळी पुठ्ठ्याच्या इंजिनघरात ठेवायला इंजिन हवे होते. ते करायचे काम सुतारमामांकडे आले.

आता मामांची गंमत ऐका. बोटीतले सगळे फर्निचर त्यांच्या हातचे. त्यांना ओबडधोबड असे काही करताच येत नसे. खऱ्या इंजिनाचे मापांचे चित्र त्यांच्यापुढे आले, तर त्यात एका कुशीला फिल्टरचा डबा बाहेर आलेला आणि त्याच्याखाली एक वाकडी नळी. मामांनी नाक मुरडले.

"हे काय, अंगावर गळू आल्यासारखं!" असे म्हणून त्यांनी दोन्ही गाळून टाकले. मग माझे कोपरे गोल केले, पॉलिशपेपर मारला आणि व्हार्निशचे तीन हात दिले. मी इतके देखणे झाले की वेल्डर येऊन विचारू लागला, "मामा, यात कपडे ठेवायचे का?" माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

चाचणीच्या दिवशी मला साखळीच्या पुलीने उचलले. मी वरच्या तोंडातून अलगद आत उतरले, तितकेच अलगद बाहेर आले आणि पुन्हा आत जाऊन बसले. ताईंनी टाळ्या वाजवल्या. काकांना कपाट मिळाल्याचा आनंद मावेना. आराखड्यावर सही झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डेकचा पत्रा कापायचे ठरले.

मित्रांनो, त्या क्षणी माझा जीव टांगणीला लागला. मी खऱ्या इंजिनापेक्षा वीतभर अरुंद आहे, हे फक्त मामांना आणि मला ठाऊक होते. आणि मामांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. खरे इंजिन डेक जोडण्याआधीच आत ठेवतात, त्यामुळे चूक तेव्हा कोणाला कळलीही नसती. ती कळली असती काही वर्षांनी, इंजिन बाहेर काढायची वेळ आल्यावर. मग कुठल्या तरी परक्या बंदरात काका-काकूंचे राहते घर कापून उघडावे लागले असते. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण लाकडाला कुठला आवाज!

सगळे निघाले, तेव्हा काकू मात्र बाह्या सरसावून पुठ्ठ्याच्या खोलीत उतरल्या. पाना हातात घेऊन माझ्या कुशीवरून त्यांनी हात फिरवला.

"मामा, फिल्टर कुठाय?"

"तो... लहानसाच आहे हो, काकू."

"लहानसा असू दे, पण आहे कुठं? तो मलाच बदलायचाय. हात पोचतो का बघायला नको?"

मामा जमिनीकडे बघू लागले. "दिसायला बरं दिसत नव्हतं, म्हणून नाही लावला."

ताईंनी चित्र उघडून माप घेतले आणि सरळ मामांसमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटले, आता मामांची काही धडगत नाही. पण त्या म्हणाल्या, "मामा, चूक माझीही आहे. मी मापं न घेता नुसती चकाकी बघत बसले."

मामांचे कान लाल झाले. त्यांनी पत्र्याचा एक डबा आणि पाण्याच्या पाइपाचा वाकडा तुकडा शोधून आणला आणि माझ्या चकचकीत कुशीत स्वतःच्या हाताने स्क्रू पिळले. मला तर रडूच आले. मग मला पुन्हा वर उचलले आणि डबा चौकटीला खट्कन अडला. चांगली आठ बोटे जागा कमी पडत होती.

सगळे काकांकडे बघू लागले. काका पुठ्ठ्याच्या कपाटासमोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच ते उचलून बाजूला ठेवले.

"डबे पलंगाखाली ठेवीन," ते म्हणाले. "पण ओव्हन कुणी हलवायचा नाही, सांगून ठेवतो!"

हसता हसता काकूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आता कसं इंजिनासारखं दिसतंय!" माझे कौतुक पुष्कळांनी केले होते, पण एवढे गोड मला कुठलेच वाटले नव्हते.

बोट झाली आणि गेली. मी कोपऱ्यात पडले. माझ्यावर चहाचे कप आले, ओले हातमोजे आले. एका मांजरीने माझ्या पोटात तीनदा संसार थाटला. "हे जळणात द्या," असे कोणी म्हटले की ताई नुसत्या डोळे वटारत.

अकराव्या वर्षी बोट परत आली. खरे इंजिन थकले होते. पुली लागली, साखळी ताणली आणि ते काळेकुट्ट धूड फिल्टरसकट हळूहळू वर आले. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे जागा उरली. डेकला कोणी साधा ओरखडाही काढला नाही. काकूंनी काकांचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात मामा करवत घेऊन माझ्याकडे आले. माझे दिवस भरले, असे मी समजले. पण त्यांच्या दुसऱ्या हातात नव्या इंजिनाचे चित्र होते. त्यांनी मला एका अंगाने कापले, दुसऱ्या अंगाने वाढवले, एकूण एक टेंगूळ मापाने ठोकले आणि व्हार्निशच्या डब्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग मला पुलीला लावले. आजवर मी पुठ्ठ्याच्या खोलीतच उतरले होते. त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या बोटीत उतरले. खाली तेलाचा वास होता आणि पाना घेऊन काकू बसल्या होत्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत अशी कच्ची, वेडीवाकडी वस्तू असेल. तिला फेकू नका. आणि चांगले दिसावे म्हणून तिची टेंगळे तासू नका. त्या टेंगळांपाशीच कोणाचा तरी हात पोचायचा असतो.