हिरव्या लेबलची रेकॉर्ड

चष्मेवाल्याच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत याच घरातली रेकॉर्ड होती. आत मावशी चहा गाळत होत्या. गाळणी भांड्यावर आपटली, तेवढ्यानेही तो दचकला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाचं उसनं पेनसुद्धा ठेवून घेतलं नव्हतं, आणि आज भरदुपारी, चहाला बोलावलं होतं त्याच घरात, मावशींची पाठ फिरताच त्याने कव्हरमधली रेकॉर्ड काढून तिथे स्वतःची सरकवली होती. काम फारच सहज झालं. म्हणूनच की काय, त्याची आता पाचावर धारण बसली होती.

‘पाण्याखालचं घर’ ही रेकॉर्ड मावशींच्या धाकट्या भावाने तीन मित्रांना हाताशी धरून केली होती. रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरून गायलेली गाणी, उलटी फिरवलेली गिटार, मध्येच पोटातून निघाल्यासारखा ऑर्गन. ऐकणाऱ्याला आपण उभे आहोत की आडवे याचा पत्ता लागू नये, असा सगळा मामला. त्या वेळी ज्यांनी ती ऐकली त्यांनी डोकं धरलं, बाकीच्यांनी ऐकलीच नाही. पहिल्या खेपेला लेबल हिरवं होतं. कंपनीने न खपलेल्या रेकॉर्डी वितळवून टाकल्या आणि गिटार जरा दाबून, पिवळ्या लेबलची दुसरी खेप काढली. तीही पडून राहिली. पुढच्याच वर्षी भाऊ तापाने गेला. आईमागे मावशींनीच त्याला वाढवलं होतं.

आणि आता, इतक्या वर्षांनी, हिरव्या लेबलसाठी शहाणीसुरती माणसं वेडी झाली होती. ही माणसं रविवारी चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमत. त्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर. त्याला पाठीमागे सगळे कवळी म्हणत. संग्राहक ही जातच चमत्कारिक. हातात रेकॉर्ड आली की ती आधी उजेडात धरायची, मग लेबलाजवळ कोरलेला नंबर भिंगातून वाचायचा, मग कव्हर हुंगायचं, आणि वेळ उरलाच तर ऐकायचं.

मावशी गिऱ्हाईक म्हणून दुकानात आल्या होत्या. बोलता बोलता भावाचा विषय निघाला आणि चष्मेवाल्याच्या हातातली काच पडता पडता राहिली. त्या दिवसापासून तो त्यांच्या घरी जाऊ लागला. मावशींकडे हिरवी रेकॉर्ड आहे हे त्याने कवळीला सांगितलं, तिथेच चुकलं.

“म्हातारीला काय फरक पडतो?” कवळी म्हणाला होता. “तुझी पिवळी ठेव, हिरवी उचल. गाणी तीच आहेत. उलट तिला कोरी करकरीत कॉपी मिळेल.”

“आणि कळलं तर?”

“तिचे डोळे कोण तपासतं? तूच ना?”

हे मात्र खरं होतं. मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनच्या नावानेच मावशींच्या अंगावर काटा यायचा. हिरवं काय नि पिवळं काय, त्यांना दोन्ही मळकटच दिसणार, हे जगात चष्मेवाल्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण रेकॉर्ड चोरत नाही, वाचवतो आहोत, असं त्याने मनाला पटवलं. मन पटकन पटलं. अशा वेळी पटतंच.

मावशी चहा घेऊन आल्या. त्याने घाईने घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

“निघतो मावशी. दुकान उघडं टाकून आलोय.”

“बस रे. आल्यापासून घोड्यावर आहेस.” त्या प्लेअरकडे वळल्या. “आज दुसरी बाजू लावते.”

इतक्या भेटींत त्यांनी नेहमी पहिलीच बाजू लावली होती. दुसरी माझी मी ऐकते, म्हणायच्या.

“आज कशाला? पुढच्या वेळी ऐकू की.”

“तुझा एवढा जीव आहे त्याच्या गाण्यांवर. घरच्या माणसापासून काय लपवायचं?”

घरचा माणूस पिशवी घट्ट धरून बसला. मावशींनी बोटांनी चाचपत रेकॉर्ड लावली आणि सुई टेकवली. कोऱ्या कॉपीला साधी खरखरही नव्हती. मावशींनी मान किंचित कलती केली.

तेव्हा त्याला तो ओरखडा आठवला. मघाशी हिरवी रेकॉर्ड पिशवीत घालताना त्याने तो खिडकीच्या उजेडात पाहिला होता. दुसऱ्या बाजूवर, शेवटच्या गाण्यात, आडवा आणि खोल. पाहून त्याच्या मनात काय आलं असेल? कवळी नाक मुरडणार, एवढंच. इतका खोल ओरखडा ऐकूही येतो, सुई तिथे उडते, ती रोज उडत असणार आणि रोज कुणीतरी ती ऐकत असणार, हे त्या पंडिताच्या डोक्यात शिरलंच नाही. ते आत्ता शिरलं.

पळावं का? दार चार पावलांवर होतं. पण तो जागचा हलला नाही. गाणी एकेक करून सरत होती आणि तो सुईकडे पाहत होता. ती आत आत सरकत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं की ही रेकॉर्ड फुटावी, वीज जावी, काहीही व्हावं.

शेवटचं गाणं सुरू झालं. टाकीतला तो पोकळ, पोरगेला आवाज घुमू लागला. थोड्या वेळाने मावशी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या, प्लेअरजवळ गेल्या आणि पुढे ढकलायला सुईच्या दांड्याशी बोट नेऊन उभ्या राहिल्या. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच हात बटणाकडे जावा, तितक्या सवयीने.

सुई उडाली नाही.

गाणं पुढे गेलं. भावाने श्वास घेतला, तो श्वाससुद्धा ऐकू आला, आणि तो एक कडवं गायला. पाण्यात वाहून गेलेल्या चपलांचं. त्यात बहिणीचं नाव नव्हतं, निरोप नव्हता, काहीच नव्हतं. शेवटी तो किंचित हसला, गाताना चुकल्यावर हसतात तसा. मावशींचं बोट तसंच हवेत राहिलं.

बाजू संपली. मावशींनी सुई उचलून जागेवर ठेवली.

“हे कडवं मी कधी ऐकलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

भित्र्या माणसाला बुडताना काडीही ओंडका वाटते. त्याला वाटलं, सुटलो. आपल्यामुळे म्हातारीला कडवं मिळालं, आता त्या आशीर्वाद देतील.

“माझी दे,” मावशी म्हणाल्या. हात त्याच्या दिशेने पसरलेला होता, पण नजर प्लेअरवरच.

त्याने पिशवीतून रेकॉर्ड काढली. मावशींनी ती दोन्ही हातांनी धरली. त्यांनी अंगठा फिरवला आणि ओरखडा सापडल्यावर थांबवला.

“हा मी पाडलाय. तो पहिल्यांदा ही घेऊन घरी आला, तेव्हा त्याने परीक्षा बुडवल्याचं कळलं होतं मला. हिसडून सुई ओढली. मला वाटलं रडेल. तर म्हणाला, ताई, बरं झालं, तुझी सही झाली. आता ही तुझी.”

“मावशी, चुकलो मी. पाया पडतो. दोन्ही ठेवा. त्या दुसरीत त्याचं कडवं आहे.”

“त्याच्याच आवाजाची लाच देतोस मला?” आवाज चढला नव्हता, त्यानेच तो जास्त घाबरला. “घे तुझी. आणि दार ओढून घे.”

पिवळी रेकॉर्ड छातीशी धरून तो बाहेर पडला. निम्मा जिना उतरला असेल, तेव्हा वर शेवटचं गाणं सुरू झालं. खरखरीतून तोच आवाज. ओळ अर्ध्यावर आली आणि सुई उडाली. पुन्हा अर्धी ओळ. पुन्हा उडाली. आता मावशी बोटाने ढकलतील, म्हणून तो थांबला. अर्धी ओळ फिरतच राहिली.

पडल्या असतील का? म्हातारं माणूस, घरात दुसरं कुणी नाही. तो धावत वर गेला आणि दार ठोठावलं.

“मावशी! बऱ्या आहात ना? सुई अडकलीये!”

“कळतंय मला,” आतून आवाज आला. अगदी प्लेअरजवळून.

“मग पुढे ढकला ना!”



“इतकी वर्षं ढकलत होते,” मावशी म्हणाल्या. “तेव्हा ढकलताना त्याचं काय गाळतेय ते ठाऊक नव्हतं. आता कशी ढकलू, सांग.”