जुन्या आवृत्त्या सांभाळणारा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बांडुंग शहरातल्या ब्रेल छापखान्यात, कागदाच्या गठ्ठ्यांमागे माझी जागा आहे. अंध मुलांची पुस्तके येथे छापली जातात. साधा मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत बदलण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले. बोटांनी वाचून चुका शोधणाऱ्या इमास, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या तेह, थोरल्या ताई, माझे फार कौतुक करीत.

पुढे वेगवान संगणक आला आणि मला भंगारात द्यायचे ठरले. यंत्रे सांभाळणारे पाक सुहर्मान, म्हणजे सुहर्मानकाका, आडवे आले. कुठलाही प्रोग्रॅम अद्ययावत करण्यापूर्वी त्याची जुनी आवृत्ती ते माझ्यात ठेवू लागले.

"नवं बिघडलं तर मागं फिरायला वाट हवी ना, म्हाताऱ्या?" असे म्हणत ते माझी पाठ थोपटत.

मग ते निवृत्त होऊन लेकीकडे दूर पालेम्बांगला गेले. मला कोणी सुरूच करीना. दार वाजले की वाटे, तेच आले असतील.

परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायच्या त्या सकाळी ब्रेलचा प्रोग्रॅम अद्ययावत झाला. काम झरझर होऊ लागले, सगळे खूश होते. इतक्यात गणिताच्या पानावर इमासची बोटे अडली.

"हेन्द्रा, हे तीन छेद चार आहे ना? इथं तर चौतीस झालंय!"

व्यवस्थापक हेन्द्रा धावत आले. "नव्या आवृत्तीनं छेदाची खूणच खाल्ली, तेह! आणि प्रोग्रॅमच्या कंपनीनं जुनी काढून टाकलीय."

"मग दुपारच्या गाडीनं काय पाठवू? पोरं चौतीसचीच गणितं सोडवत बसतील."

"टोमणे नंतर मारा हो, आधी काही उपाय सुचवा."

"अरे, गठ्ठ्यांमागचा म्हातारा आहे ना? उठव त्याला."

मला बाहेर ओढले, धूळ झटकली. माझी तबकडी कण्हत फिरली, अडकली. "या अल्ला, एकदाच!" हेन्द्रा पुटपुटले. मी सारे बळ एकवटले. जुनी आवृत्ती सापडली! ती नव्या संगणकावर चढवली, पान पुन्हा छापले. इमासनी त्यावरून बोट फिरवले आणि त्या हसल्या. गाडी वेळेवर निघाली.

इमासनी लगेच फोन लावला. "पाक, तुमच्या म्हाताऱ्यानं आज लाज राखली!"

"आहे अजून तो?" पलीकडून पाकनी उतावीळपणे विचारले. "त्याचा आवाज ऐकव बघू."

त्यांनी फोन माझ्याजवळ धरला. मला किती बोलायचे होते! माझ्या पंख्याची खरखर तेवढी गेली.

माझ्यातले सगळे आता नव्या तबकडीवर उतरवले आहे. ते योग्यच झाले, मी फार टिकणार नाही. मित्रांनो, नवे जरूर आणा, पण जुने पुसण्यापूर्वी त्याची एक प्रत जपून ठेवा. आणि ज्याच्याकडे ती ठेवाल, त्याला अधूनमधून सुरू करून पाहा. तुमच्या हाताची तो वाट पाहत असतो.