कापून टाकलेली तारीख

मी एक जुनी सनस्क्रीनची ट्यूब आहे, आणि मित्रांनो, माझं हे जुनेपणच माझ्या जिवाला घोर लावून बसलं आहे.

कारखान्यात माझ्या पोटात पांढरंशुभ्र मलम भरलं, शेपटी दाबून बंद केली आणि तिच्यावर तारीख उठवली. मला वापरायची शेवटची तारीख. तेव्हा तिचं काही वाटलं नाही. नव्या वस्तूला म्हातारपण कुठून सुचणार?

मला घरी आणलं ते एका पोहणाऱ्या मुलीसाठी. तिची कातडी फार नाजूक. आदल्या उन्हाळ्यात तिच्या खांद्यांवर उन्हाने फोड आले होते. "पुन्हा असं भाजता कामा नये," डॉक्टरांनी बजावलं होतं. मला लावल्याशिवाय आई तिला तलावावर सोडत नसे. त्या वर्षी खांदे छान राहिले. "ही ट्यूब आहे म्हणून मी निर्धास्त आहे," असं आई शेजारणीला सांगायची आणि मी फुलून जायचे.

पण आई पडली कोंड्याचा मांडा करणारी. जेमतेम थेंबभर लावायची, आणि मला ठेवायची गाडीच्या पुढच्या काचेशी. उन्हापासून राखणारी मीच उन्हात! दोन उन्हाळे तशी शिजले. पोटात तेल एकीकडे आणि पाणी एकीकडे झालं. तरी शेपटीवर तारीख होती. कधीतरी कोणी वाचेल, एवढीच आशा होती.

मग स्पर्धेच्या दिवशी सकाळी आईने कात्री आणली. "अगं, तळाशी अजून कितीतरी आहे!" म्हणत तिने माझी शेपटीच कापली. तारखेसकट ती पट्टी केराच्या डब्यात गेली. माझ्या काळजाचं पाणी झालं.

"आई, हे पाण्यासारखं येतंय. वासही कसलातरीच आहे."

"काही होत नाही. चोळ नीट."

मला ओरडायचं होतं, पण ट्यूबला तोंड असून बोलता येत नाही. पोर दिवसभर उन्हात राहणार होती, तीही माझ्या जिवावर. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ना, तशी गत. तिच्या पिशवीत मी जीव मुठीत धरून पडून राहिले.

संध्याकाळी तिचे खांदे लालभडक झाले होते. कपडा टेकला तरी ती कळवळायची. आई ओलं फडकं ठेवत चिडली, "नीट लावलंच नसशील!"

"लावलं होतं गं. तुझ्यासमोरच," ती रडत म्हणाली.

आईचा हात थांबला. तिने मला उचललं, उलटसुलट करून तारीख शोधली. हाताला लागली ती फक्त कापलेली कड.

"चुकलं गं माझं, बाळा," ती म्हणाली आणि तिने मला डब्यात टाकलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू म्हणतात, आम्हाला टाकू नका. मी म्हणते, मला सावलीत ठेवा, लावताना हात आखडू नका, पाण्याबाहेर आलात की पुन्हा लावा, आणि माझी वेळ झाली की खुशाल टाकून द्या. माझ्यावर आंधळा भरवसा मात्र ठेवू नका.

डब्यात माझ्याशेजारी ती कापलेली पट्टी पडली आहे. तारीख अजून स्वच्छ वाचता येते. गेल्या वर्षीची आहे.