जावळाचा रविवार

"बोचक्यात काय हलतंय, मावशी?" खाण कंपनीच्या दारावरच्या शिपायाने विचारलं.

"कुय आहेत, दोन. माझ्या कोम्पाद्रेसाठी."

"जिवंत?"

"मग काय, मेलेले आणू माणसाकडे?"

"अहो, हे ऑफिस आहे. गिनीपिग घेऊन वर जाता येत नाही."

निकोलासा काय्योने बोचकं खाली ठेवलं, तीन वर्षांच्या नाय्दाला कडेवर नीट सावरलं आणि भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर माणसाहून मोठा फोटो होता. त्यात नाय्दा भोकाड पसरून रडत होती, निकोलासा नव्या झग्यात अवघडून उभी होती, आणि इंजिनियर गोन्सालो बेद्रेगाल हातात कात्री घेऊन हसत होते. खाली ठळक अक्षरं: 'आम्ही फक्त शिष्यवृत्ती देत नाही, हात धरतो.'

"ती मी, ही पोर, आणि कात्रीवाला माझा कोम्पाद्रे."

शिपाई फोटोकडे आणि पोरीकडे आळीपाळीने पाहत राहिला. तोही तिच्यासारखाच आरेकिपा शहराच्या डोंगरावरच्या गरीब वस्तीतला होता. ज्याने लेकराचं जावळ काढलं तो आईबापाचा कोम्पाद्रे, सख्ख्या भावाहून जवळचा आणि मरेपर्यंतचा, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"कुय राहू द्या माझ्यापाशी," तो म्हणाला. "तुम्ही जा वर."

निकोलासाची थोरली मेलानिया ही काय्यो घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेली पहिलीच. कंपनीच्या शिष्यवृत्तीबरोबर एक मार्गदर्शक मिळत असे, टूथपेस्टबरोबर ब्रश मिळतो तसा. बहुतेक मार्गदर्शक महिन्यातून एकदा कॉफी पाजून 'मोठी स्वप्नं बघ' म्हणत आणि मोकळे होत. बेद्रेगाल तसे नव्हते. पहिल्या सहामाहीत त्यांनी पोरीला स्वतः गणित शिकवलं, प्राध्यापकापुढे मान वर करून कसं बोलायचं ते शिकवलं. पोरीसाठी एवढं करणाऱ्या परक्या माणसाला काय म्हणायचं? निकोलासाला एकच नातं ठाऊक होतं. तिने त्यांना धाकटीच्या जावळाला बोलावलं.

त्यांना एकच रविवार मोकळा होता.

"आई, सोमवारी माझा गणिताचा पेपर आहे," मेलानिया म्हणाली होती.

"अगं, रविवार त्यांनीच दिलाय. तुझा पेपर कधी ते त्यांना ठाऊक नसेल का?"

मेलानियाने दिवसभर कुय तळले, बटाटे उकडले, पाहुण्यांना मक्याची दारू वाढली. बेद्रेगालांनी पहिली बट कापली. गावाकडे बट कापणारा लेकराला निदान एखादं मेंढरू देतो. त्यांनी नाय्दाला कंपनीची टोपी दिली. ती तिच्या खांद्यापर्यंत आली. सोमवारी मेलानिया नापास झाली. नंतर शिष्यवृत्ती थांबल्याचा निरोप आला. निकोलासा मेलानियाला आपल्या बटाट्याच्या ठेल्यावर बसवून इथे आली होती. कोम्पाद्रेचा एक शब्द पुरेल, एवढंच तिच्या मनात होतं.

"या, या बाई!" बेद्रेगाल खुर्चीतून उठले. "ही तीच का? केवढी झाली! नाव काय गं तुझं?"

नाय्दाने तोंड आईच्या खांद्यात खुपसलं. मोठ्या माणसाच्या डोक्यात खाणी असतात, नावं कुठे राहणार, असं मनाशी म्हणून निकोलासाने ते गिळलं.

"कोम्पाद्रे, मेलानियाचं तेवढं बघा. एक पेपर तर गेलाय. तुम्ही समितीला सांगितलंत तर…"

"सांगितलं ना." त्यांचा आवाज मायेचा होता. "समितीने मलाच विचारलं. मीच म्हटलं, तूर्त थांबवा."

"तुम्ही?"

"तिच्या भल्यासाठीच. हुशार आहे हो पोरगी, पण घरचे समारंभ संपत नाहीत. मी डोळ्यांनी पाहिलंय. पेपरच्या आदल्या दिवशी चुलीपाशी! अशाने कसं होणार इंजिनियर?"



"तुम्ही दोनदा वाढून घेतलंत, कोम्पाद्रे."

"फारच चविष्ट होतं!" ते मनापासून म्हणाले.

"मग रविवार कुणी दिला, तेही सांगितलंत का समितीला?"

बेद्रेगालांनी टेबलावरचं पेन उचलून दुसरीकडे ठेवलं.

"तो मुद्दा तिथे नव्हता, बाई. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू दे तिला. मी आहेच."

"येते, इंजिनियरसाहेब."

बेद्रेगालांना बदललेली हाक ऐकूच आली नाही. ते उठून दारापर्यंत आले, सगळ्यांसाठी येत तसे.

खाली शिपायाने बोचकं परत दिलं.

बाजाराच्या तोंडाशीच तिला मेलानियाची आरोळी ऐकू आली. "या मावशी, या! पिठूळ बटाटा, लोण्यासारखा! बघा तरी हातात घेऊन!" गेलं वर्षभर निकोलासाने मेलानियाला ठेल्यावर ओरडू दिलं नव्हतं. गळा बसला तर वर्गात प्रश्न कसा विचारशील, म्हणायची. आवाज खणखणीत होता, थेट तिच्या स्वतःच्या आवाजासारखा.

निकोलासा मिरच्यांच्या पोत्यांआड थांबली. नाय्दा ताईकडे जायला धडपडत होती. तिला तिने घट्ट धरून ठेवलं. मेलानियाने बटाटे तोलले, वर एक जास्तीचा टाकला, काहीतरी बोलून गिऱ्हाइकाला हसवलं. मागे आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या.

पोरगी चांगली विकत होती.