आधी लिहून घेतलं, मग हसले

मी एक करारनामा बोलतोय. घाबरू नका, सही मागणार नाही. माझी पानं दोनच आहेत, आणि त्यांना टोचलेली पिन आता गंजायला लागली आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसात आणि एका नवरीत जे ठरलं, ते माझ्या अंगावर लिहिलेलं आहे. लोक माझ्या जातीला फारसं वाचत नाहीत. शेवटचं पान उलटतात, 'कुठे करू सही?' विचारतात आणि मोकळे होतात. मला याचा फार राग येतो. पण माझं नशीब थोर, मला वाचणारं माणूस मिळालं.

फोटोवाल्याच्या दुकानातल्या छपाईयंत्रातून मी बाहेर पडलो. या माणसाला सगळे 'शेवटचा एक' म्हणत. 'शेवटचा एक हं' म्हणून तो आणखी दहा फोटो काढायचा. माणूस कामाचा पक्का, कागदाचा मात्र कच्चा. मागच्या लग्नाचाच मजकूर घ्यायचा, नावं बदलायची आणि छापायचं, ही त्याची रीत.

मला घेऊन तो नवरीच्या घरी आला. नवरीचे बाबा मला बघून जरा फुगलेच.

"अहो, ओळखीतले तुम्ही. कागद कशाला? विश्वास नाही का आमच्यावर?"

"काका, विश्वास आहे म्हणून तर आत्ता लिहून घेऊ," तो म्हणाला. "एकदा बिनसलं की मग कोण लिहितंय?"

नवरीने सही करायला पेन उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिची आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने मला उचललं, खिडकीपाशी नेलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. खरं सांगतो, मी लाजलो. मला असं कुणी वाचलंच नव्हतं.

"हा कोण?" तिने तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं. "आमचा जावई हा नाही."

मागच्या लग्नातल्या नवऱ्याचं नाव तसंच राहून गेलं होतं! सगळे पोट धरून हसले. आईसुद्धा हसली, पण हसताना तिचा हात पटकन तोंडावर गेला. काही वर्षांपूर्वी एका आजारपणात तिच्या चेहऱ्याची डावी बाजू सैल पडली होती. हसली की अर्धा चेहरा हसायचा, अर्धा तसाच राहायचा. तेव्हापासून घरात कुठलाही कार्यक्रम असला की ती स्वतःच फोटो काढायला उभी राहायची. 'मी काढते, तुम्ही सगळे बसा,' म्हणायची. आजारपणानंतरचा तिचा एकही फोटो घरात नव्हता. कुणी कधी बोललं नाही, पण लेकीला ते डाचत होतं.

वाचता वाचता आईचं बोट पुन्हा थांबलं. 'काढलेले फोटो दुकानाच्या जाहिरातीसाठी वापरता येतील,' असं तिथे बारीक अक्षरात होतं.

"मग माझा फोटो काढू नका," ती शांतपणे म्हणाली.

"आई, माझ्या लग्नाच्या फोटोत तू नसशील?" लेकीने उघडलेलं पेन बंद केलं.

"लग्नात असेनच की. फोटोत कशाला हवी?"

मग फोटोवाल्याने पेन काढलं आणि माझ्या समासात हाताने लिहिलं, 'वधूच्या आईचा फोटो तिच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही लावला जाणार नाही.'

"आणि हेही लिहा," लेक म्हणाली, "आईचा एक तरी फोटो. हसताना."

"ताई, काकूंना हसवणं माझ्या हातात नाही. प्रयत्न करीन, असं लिहितो."

आईने ती ओळ दोनदा वाचली आणि खाली सही केली. खरं तर तिच्या सहीची गरज नव्हती. पण माझ्या अंगावरची सगळ्यात ठाम सही तिचीच आहे. दुसऱ्या प्रतीवरही तेच लिहून ती फोटोवाल्याने नेली. मी घरात राहिलो.

लग्नाच्या दिवशी तिने मला पर्समध्ये ठेवलं होतं. त्यामुळे मला दिसलं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं आलं. फोटो काढायला आज फोटोवाला होता, त्यामुळे तिला कॅमेऱ्यामागे लपायचं निमित्तच उरलं नव्हतं. लेकीच्या नव्या चपला चावत होत्या, त्याही हिनेच धरलेल्या. फोटोवाला खुर्चीवर चढून "शेवटचा एक!" म्हणाला आणि इतका वेळ ताटकळलेले बाबा ओरडले, "अहो, पुढच्या लग्नाला ठेवा थोडे!"

आई खळखळून हसली. एका हातात मी, दुसऱ्यात चपला, तोंडावर न्यायला हातच नव्हता. पर्ससुद्धा हलली. त्या हसण्याने मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

फोटो वेळेवर घरी आले. लेकीने तो एक फोटो बाजूला काढून आईपुढे धरला. आईने न बघताच तो पाकिटात सरकवला. मीही कपाटात गेलो.

मग एक दिवस आई बाहेरून आली ती थेट कपाटाकडे. मला बाहेर काढून तिने समासातली ओळ पुन्हा वाचली. दुकानाच्या काचेत तिचा फोटो लावला होता, अर्धी काच भरेल एवढा मोठा.

"मी बघतो त्याच्याकडे!" बाबा तडकले.

"सही माझी आहे. मी जाते," ती म्हणाली.

दुकानात तिने मला टेबलावर ठेवलं आणि समासातल्या ओळीवर बोट ठेवलं. फोटोवाल्याचा चेहरा पडला. त्याची बायको पुढे आली.

"काकू, मी लावला. प्रत्येक लग्नातला चांगला फोटो मीच लावते. हा कागद मी वाचलाच नव्हता हो. सगळ्यांत छान हाच वाटला."

"छान आहे की नाही, ते नंतर. आधी काढा."

फोटोवाला स्वतः काचेत शिरला आणि फोटो उतरवून घेऊन आला. दोघांनी माफी मागितली, अगदी मनापासून. आई फोटोकडे बघत उभी राहिली. या वेळी तिने नजर वळवली नाही.

"खरं सांगू?" बायको हळूच म्हणाली. "लोक थांबून बघायचे."

"माहीत आहे. मीही थांबले होते. कोण बाई एवढी हसतेय, म्हटलं." तिने फोटोवरची धूळ हाताने पुसली. "इथे नको. पण मला द्या हा."

आता तो फोटो त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे, पाहुणे बसतात त्यांच्या अगदी समोर. चौकटीत तो थोडा हलत होता, म्हणून आईने माझी घडी घालून मला मागे सरकवलं. माझ्या पाठीला फोटोतल्या आईची पाठ लागलेली असते. इथे अंधार आहे, पण मी खूश आहे. तुम्हाला एकच विनवणी करतो. फोटोवाला ठरवा, हौसेने ठरवा, पण मला वाचा. आणि तुमच्या जिवाला जे लागतं, ते माझ्यात नसेल तर लिहून घ्या. समासात जागा असते.

परवा कुणी पाहुणी आली होती. फोटो बघून म्हणाली, "अगंबाई, तू आणि फोटोत? अशी हसलीस तरी कशी?"

मला आईचा आवाज ऐकू आला. तोंडावर हात नसलेला, मोकळा.

"आधी लिहून घेतलं," ती म्हणाली, "मग हसले."