पाइकसाठी नऊ फूट

विटकॉम्ब साहेब इंग्लंडला परत गेला तर आलोशियस तुस्कानोला बहरीनमध्ये आणखी दोन वर्षं राहता येणार होतं, आणि साहेब राहिला तर आलोशियसला वसई गाठावी लागणार होती. मधला मार्ग नव्हता. अस्करच्या ज्या वर्कशॉपमध्ये दोघं नोकरीला होते, तिथे दोघांची साठी एकाच वर्षात आली होती. साहेब मॅनेजर, आलोशियस स्टोअरकीपर. साठीनंतर दोन वर्षांचं एक्स्टेन्शन द्यायची कंपनीची पद्धत होती, पण एका खात्यात एकालाच. पहिला हक्क अर्थातच मॅनेजरचा. त्याने तीस तारखेपर्यंत फॉर्म भरला नाही, तर तो स्टोअरकीपरकडे येणार.

आलोशियसला दोन वर्षंच हवी होती, एक दिवस जास्त नको. त्याची बायको एडना सलमानियाच्या इस्पितळात नर्स होती आणि तिच्या नोकरीची तेवढीच वर्षं उरली होती. नईममधला त्यांचा फ्लॅट कंपनीचा होता. आलोशियसची नोकरी संपली की फ्लॅट जाणार, एडना नर्सेसच्या हॉस्टेलवर जाणार, जिथे नवऱ्यांना खालच्या हॉलपर्यंतच प्रवेश होता, आणि आलोशियस वसईला थोरल्या भावाच्या, व्हिन्सेंटच्या ओटीवर बसून त्याच्या गुडघ्यांचं पुराण ऐकणार. बावीस वर्षांत नवराबायकोने एकच बेत पक्का केला होता, की परत जायचं ते एकाच विमानाने.

साहेबाचं मात्र ठरत नव्हतं. बायको वारली होती, मुलगी कॅनडात होती, गावच्या घरात भाडेकरू होता. इंग्लंडकडे ओढणारी एकच गोष्ट उरली होती, पाइक नावाचा मासा. गोड्या पाण्यातला, हातभर लांब, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड आणि त्यात करवतीचे दात. तरुणपणी धरलेल्या अशाच एका पाइकबरोबरचा साहेबाचा फोटो त्याच्या टेबलावर होता. गुरुवारी दुपारी कामं आटपली की साहेब फोटोकडे बघून सांगायचा, की निवृत्त झाल्यावर त्याच तळ्यावर जाणार. गेल्या काही महिन्यांत मात्र ‘जाणार’च्या जागी ‘जावं म्हणतो’ आलं होतं. आलोशियस शब्दांचा माणूस नव्हता, पण नोंदीतला असा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे.

एक्स्टेन्शन मिळो न मिळो, साठीचा समारंभ सगळ्यांचाच व्हायचा. केक, भाषण आणि भेटवस्तू. साहेबाचा समारंभ बारा तारखेला होता. एच.आर.मधली नाझिश, श्रीवर्धनची, महिनाभर आधी स्टोअरमध्ये आली आणि तिने सांगितलं, की साहेबाला पाइक धरायचा गळाचा रॉड द्यायचं ठरलंय.

‘‘निवड तुम्हीच करा, अंकल. तुम्ही वसईचे. माशांचं तुमच्याइतकं कुणाला कळणार?’’

आलोशियसने जन्मात मासा धरला नव्हता. तुस्कानो मंडळी केळी आणि पानवेली लावणारी. मासळी दारावर यायची, तीही कोळणीने निवडून दिलेली. पण अस्करमधल्या लोकांच्या लेखी वसई म्हणजे समुद्र आणि समुद्र म्हणजे मासे. बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी डब्यातल्या सुरमईबद्दल त्याचं मत विचारलं, त्याने गंभीरपणे मान हलवली, आणि तेव्हापासून तो खात्याचा मत्स्यतज्ज्ञ होता. गैरसमज दूर करायला योग्य वेळ मिळाली नाही इतकंच.

शिवाय त्याला या कामात स्वतःचा फायदा दिसला. रॉड असा हवा, की हातात घेताच साहेबाला आपलं तळं आठवावं. चुकीचा रॉड कपाटात पडून राहील आणि साहेबही बहरीनमध्येच पडून राहील. नेमका रॉड त्याला उचलून विमानात बसवेल. रात्री जेवताना त्याने हे एडनाला समजावलं. एडनाने विचारलं, की माणसं काठीच्या लांबीवरून देश सोडतात का. आलोशियस म्हणाला, की माणसं याहून फुटकळ कारणांनी देश सोडतात, आणि आपण दोघं एका मिक्सरच्या जाहिरातीतल्या स्वयंपाकघराला भुलून इथे आलो, हे विसरू नकोस.

काम त्याने त्याच्या रीतीने सुरू केलं. स्टोअरमध्ये साधा बोल्ट घ्यायचा तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवायची आणि तुलनेचा तक्ता करायचा, हा त्याचा नियम. मनामातल्या तीन दुकानांत तो जाऊन आला. पहिल्याने सात फूट सांगितलं, कारण त्याच्याकडे सात फुटांचाच शिल्लक होता. दुसऱ्याने बारा फूट सांगितलं आणि मोबाइलवर बारा फुटांचा रॉड घेतलेला एक जर्मन दाखवला. तिसऱ्याने नऊ सांगितलं, पण तो बोलता बोलता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला आणि कारण राहून गेलं. कारणाशिवाय आकडा तक्त्यात लिहायचा कसा, हा प्रश्न घेऊन आलोशियस ताहिरकडे गेला.

ताहिर वर्कशॉपमध्ये फिटर होता. रत्नागिरीजवळच्या मिरकरवाड्याचा, बापाची होडी होती आणि शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीच्या सकाळी, अस्करच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसणं हा त्याचा नेम होता. पाइक त्याने पाहिला नव्हता. त्याने दातांची, वजनाची माहिती विचारून घेतली आणि मशीनचं तेल हाताला लागलेलं असल्यामुळे कोपराने कपाळ पुसलं.

‘‘आलोशियसभाय, लांबी माशावर नाय ठरत. तुमचा सायब उभा कुठं राहणार, त्याच्यावर ठरते. होडीत बसणार तर सात बस झाले, जास्त लांब असला तर होडीत नुसता आडवा येतो. काठावर उभा राहणार तर लांब हवा, गळ दूर टाकायला. तो कुठं उभा राहतो ते आधी बघा.’’

साहेबाला विचारता येत नव्हतं. भेट गुपित होती. मग आलोशियस एका दुपारी, साहेब साइटवर गेला असताना, स्टीलची पट्टी घेऊन त्याच्या टेबलापाशी उभा राहिला. साहेबाची उंची पाच फूट दहा इंच, हे सेफ्टी हार्नेसच्या रजिस्टरमध्ये होतं. त्या मापाने त्याने फोटो मोजला. पाय चिखलात, म्हणजे होडी नव्हे, काठ. मागे पाण्यालगत कमरेइतकं लव्हाळं, म्हणजे दोरा लव्हाळ्याच्या वरून पलीकडे न्यायला रॉड लांब हवा, सात बाद. पण डोक्यावर आठ-नऊ फुटांवर झाडाची फांदी होती. बारा फुटांचा रॉड मागे घेतला तर पहिल्याच फेकीला फांदीत अडकणार. बाराही बाद. नऊ फूट, दोन तुकड्यांत, प्रत्येक तुकडा साडेचार फुटांचा. विमानात चालतो का हे त्याने एअरलाइनला फोन करून विचारलं. तक्त्यातला कारणांचा रकाना पूर्ण भरला. एवढी नेमकी फाईल त्याने क्रेनच्या साखळीसाठीही केली नव्हती.

बारा तारखेला साहेबाने पुडकं उघडलं, दोन्ही तुकडे जोडले आणि केक बाजूला सारून मीटिंग रूममध्ये रॉड एकदा हवेत फिरवला. टोक छताच्या पंख्यापासून वीतभर लांबून गेलं. मग त्याने विचारलं, की नऊ फूट कुणी ठरवलं. सगळ्यांनी आलोशियसकडे बोट दाखवलं. त्या तळ्याला, साहेब म्हणाला, बरोबर हीच लांबी लागते; दुकानात गेलो असतो तर मी स्वतः चुकलो असतो. त्याचे डोळे ओले होते. ‘‘काम झालं,’’ आलोशियसने एडनाला मेसेज केला.

इथे तो थांबला असता तर झालंही असतं. पण त्याचा आणखी एक नियम होता: आलेला माल तपासल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. दुकानाची माल परत घ्यायची मुदत चौदा दिवसांची होती. इंग्लंडला गेल्यावर सांध्यात खोट निघाली तर कोण जबाबदार? त्याने साहेबाला स्वतः जाऊन सुचवलं, की मुदत संपायच्या आत एकदा पाण्यावर वापरून बघा. पाइक नसला तरी पाणी आहे. ताहिर शुक्रवारी असतोच किनाऱ्यावर. मागून गोड्या पाण्याने धुवायला मात्र विसरू नका, खाऱ्या पाण्याने रॉडवरच्या दोऱ्याच्या रिंगा गंजतात.

शुक्रवारी सकाळी साहेब अस्करच्या किनाऱ्यावर गेला. आलोशियस त्या वेळी चर्चमध्ये होता आणि साहेबाच्या सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना करत होता, काहीशी घाईनेच.

रविवारी साहेबाच्या टेबलावर नवा फोटो होता. जुना मागे सरकला होता. नव्या फोटोत साहेब दगडांवर उभा होता, मागे कारखान्याच्या भट्ट्यांची धुराडी, आणि हातात तीन फुटांचा बॅराकुडा, लांब तोंडाचा, करवतीच्या दातांचा. साहेब खुर्चीतून उठून आलोशियसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की हा मासा म्हणजे समुद्रातला पाइकच समज. ओढ मात्र त्याच्या दुप्पट. वीस वर्षं मी या किनाऱ्यावरून गाडी चालवतोय आणि एकदाही थांबलो नाही. तू रॉड दिलास म्हणून थांबलो. काठावरून फेकायला लांबी अगदी नेमकी आहे.

मग त्याने ड्रॉवर उघडला आणि एक्स्टेन्शनच्या फॉर्मवर सही केली. अजून तीस तारखेला तेरा दिवस होते.

आलोशियस वर्कशॉपच्या मागच्या बाजूला गेला. ताहिर नळावर हात धूत होता. त्याला एक्स्टेन्शनच्या हिशेबातलं काही ठाऊक नव्हतं. सायब कसा नाचत होता याचं वर्णन त्याने हौसेने केलं. आलोशियसने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, की रॉडच्या सांध्यात काही खोट दिसली का.

‘‘खोट? अव्वल माल आहे, आलोशियसभाय. तुमची निवड.’’

आलोशियसने जाऊन तपासणीच्या नोंदीपुढे ‘स्वीकारला’ असं लिहिलं.

एडनाला त्याने घरी गेल्यावर सांगितलं. ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली आणि दुसरी बाही घेतली. हॉस्टेलच्या खोलीत फ्रीज असतो का ते विचारायला हवं, एवढंच म्हणाली.

पुढच्या महिन्यात आलोशियसचा समारंभ झाला. एडना सुट्टी काढून आली होती. साहेबाने भाषण केलं. या माणसाने मला समुद्र दाखवला, तो म्हणाला, आणि आता हा आपल्या समुद्राकडे परत चाललाय, याचा मला हेवा वाटतो. टाळ्या पडल्या. नाझिशने लांबट पुडकं आलोशियसच्या हातात दिलं. आत काय आहे ते त्याला वजनावरूनच कळलं.

नाझिशने आनंदाने खुलासा केला, की फाईल तयारच होती, तक्त्यासकट, त्यामुळे पुन्हा शोधाशोध करावी लागली नाही. फक्त नऊ फुटांचा संपला होता. पहिल्या दुकानात सात फुटांचा शिल्लक होता, तो लगेच मिळाला.

आलोशियसने चष्मा लावून लेबल वाचलं. मग दोन्ही तुकडे जोडले, कारण जोडल्याशिवाय सांधा तपासता येत नाही. सगळे उत्सुकतेने बघत होते. वसईचा माणूस आता काय बोलतो, हे सगळ्यांना ऐकायचं होतं.

‘‘हा पाइकसाठी आखूड आहे,’’ तो म्हणाला. ‘‘काठावरून चालणार नाही. हा होडीचा आहे.’’

सगळे कौतुकाने हसले. वसईला होड्यांना काय तोटा, साहेब म्हणाला. ताहिरने मागून दुजोरा दिला, की होडीला सातच बरा.

आलोशियसच्या डोळ्यांपुढे केळीच्या बागेतलं बावखल आलं, घरामागचं ते गोड्या पाण्याचं डबकं, बागेला पाणी द्यायला आजोबांनी खणलेलं. होडी सोडाच, त्यात म्हैसही नीट वळत नसे. काठाला व्हिन्सेंटची खुर्ची असायची.

परतताना गाडीत रॉड मागच्या काचेपासून पुढच्या गिअरपर्यंत आडवा आला. एडनाने त्याचं टोक गुडघ्यावर धरलं होतं.

‘‘दोन वर्षं आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘तेवढ्यात एखादा मासा धर. मी आल्यावर विचारीन.’’

त्याने मान हलवली. रॉडचं बिल पुडक्यातल्या पाकिटातच होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने ते काढून बघितलं. माल परत करायची मुदत चौदा दिवसांची होती. त्याचं विमान दहाव्या दिवशी होतं. म्हणजे विमानानंतरही मुदतीचे चार दिवस हातात होते, फक्त तेव्हा तो इथे नसणार होता.