गोष्ट नसलेला सिनेमा

त्या इंग्रजी सिनेमाला गोष्ट नव्हती, याचा आमच्या वस्तीला फार राग. "गुणाजी, ह्यात हिरो कोण?" हा प्रश्न मी पन्नास वेळा ऐकला असेन. हिरो नाही, व्हिलन नाही, कोर्ट नाही, शेवटी लग्नसुद्धा नाही. पडदा उघडतो, वीस-पंचवीस पोरी नाचतात, पडदा पडतो. मग एक टोपीवाला बूट आपटत नाचतो. मग पियानो, मग परत पोरी. दीड तास हेच. सिनेमाचं नाव मलाही माहीत नाही, कारण पहिल्या रिळाची सुरुवात माझ्या हातात आली तेव्हाच फाटलेली होती.

ती रिळं आणि सोळा एमएमचं मशीन मला मुलुंडच्या श्यामसुंदर प्रधानांनी दिलं. त्यांचा फिल्म क्लब होता आणि मी तिथे मशीन चालवायला जायचो. घरोघरी व्हिडिओ आले आणि क्लबात नुसत्या खुर्च्या उरल्या. माझी गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नव्हती, तेव्हा हेच काम हाताशी होतं. मशीन देताना प्रधान म्हणाले, "गुणाजी, ही फिल्म म्हातारी झालीय. सरळ चालवा आणि एकदाच चालवा. उलटी फिरवून परत दाखवायच्या भानगडीत पडू नका." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत आहे.

भांडुपला टेकडीखाली आमच्या मंडळाची व्यायामशाळा आहे. रविवारी दुपारी खिडक्यांना गोणपाट लावून मी तिथे सिनेमे दाखवायचो. माझी बायको शेवंती कधी यायची नाही. आमचा नंदू काविळीने गेला, नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून ती भिंतीला टेकून बसायची. जेवायला वाढ म्हटलं की वाढायची, आणि परत भिंत. मला तिचा राग यायचा. पोरगा माझाही गेला होता, पण मला रोज सकाळी उठून बाहेर पडावं लागत होतं, असा हिशेब मी मनात धरून बसलो होतो.

एकदा शेजारच्या कुंदावहिनींनी तिला ओढूनच आणलं. मी कुठलासा पौराणिक सिनेमा लावला होता. मध्यावर एक ऋषिकुमार साप चावून मेला, आणि शेवंती उठून घरी गेली. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाली, "गोष्ट इली काय कोणतरी मरताच."

मी म्हटलं, "माझ्याकडे एक आसा. तेका गोष्टच नाय."

"त्यात कोण मरणा नाय?"

"तेंका मराक येळ खय आसा? नुसती नाचतत."

ती आली. पियानोवाला होईपर्यंत खाली मान घालून बसली होती. मग तो जिन्याचा नाच लागला. मोठा पांढरा जिना, त्यावरून पोरी हातात पिसांचे पंखे घेऊन एका ओळीत उतरतात. सगळ्यांची पावलं एकदम पडतात, पण अगदी टोकाची एक बुटकी पोरगी एका पायरीने मागे राहते. तिला ते कळतं. ती हसते आणि धावत पुढच्या पायरीवर येऊन ओळ गाठते. मी तो नाच प्रधानांकडे कितीदा दाखवला असेल, पण ती पोरगी मला कधी दिसली नव्हती. शेवंतीला पहिल्या फटक्यात दिसली आणि ती मोठ्याने हसली.

"तिका बघा, चुकली," ती कुंदावहिनींना म्हणाली. "आमचो नंदू लेझमीत असोच मागे रवायचो."

अख्ख्या हॉलने ते ऐकलं. मंडळाचा सेक्रेटरी मार्तंड, एरवी कामाला कमी आणि आवाजाला मोठा, तो मागून ओरडला, "वन्स मोअर." आम्ही गिरणगावातली नाटकं बघून वाढलेले, गाणं आवडलं की वन्स मोअर द्यायचा हे रक्तातच आहे. नाटकातला नट परत गातो, फार तर त्याचा घसा बसतो. फिल्मचं तसं नसतं. उलटी फिरताना तिच्या कडेची भोकं दातेरी चाकात अडकतात आणि एकेक करून फाटतात. हे मला ठाऊक होतं. तरी मी फिल्म मागे घेतली, कारण शेवंती पुढे वाकून वाट बघत होती.

मग दर रविवारी तेच. कुणाला तो सिनेमा आवडत नव्हता. बायका टोपीवाल्याला नावं ठेवायच्या, पोरं कंटाळून जागच्या जागी मारामाऱ्या करायची. पण जिना आला की सगळे गप्प, आणि नाच संपला की कोणीतरी वन्स मोअर द्यायचंच. शेवंतीसाठी देतात हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. ती घरात बोलायला लागली. बाजारात जाऊन बांगडे आणले, ते महाग दिले म्हणून मासेवालीशी भांडली. त्या भांडणाने मला जो आनंद झाला तो कुणाला सांगून पटायचा नाही.

मार्गशीर्षातला एक रविवार. दोन वन्स मोअर होऊन गेले होते. फिल्म मागे घेताना बोटांना फाटलेली कड लागली, चांगली वीतभर. मी ठरवलं, आज बस. मार्तंडने तोंड उघडलं तसे मी डोळे वटारले आणि तो गप्प बसला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "वन्स मोअर." शेवंतीचा. तिने आजवर कधी मागितला नव्हता. लोक माना वळवून बघायला लागले आणि ती लाजून पदराशी चाळा करत बसली.

तिला नाही म्हणायला मला जमलं नाही. मी फिल्म मागे घेतली आणि चालू केली. पोरी जिन्यावर आल्या, टोकाची पोरगी मागे राहिली, आणि फिल्म तिथेच अडकली. दिवा बंद करायला मला क्षणभर उशीर झाला. पडद्यावर तिच्या पायाशी तपकिरी डाग पडला, त्याला फोड आले, आणि ती पुरती जळून नुसता पांढरा उजेड राहिला.

रात्री मी जळका आणि फाटका भाग कापून फिल्म जोडली. "चारच हात गेली. नाच शाबूत आसा," असं मी शेवंतीला सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

पुढच्या रविवारी ती कुंदावहिनींच्याही आधी जाऊन बसली. जिना आला. पोरी वरच्या पायरीवर होत्या, पडदा एकदा लुकलुकला, आणि सगळ्या खाली उभ्या. ओळ सुतासारखी सरळ. टोकाची पोरगीही बरोबर इतरांसारखीच पाऊल टाकत होती. ती चुकायची आणि धावायची ते नेमकं त्या चार हातांत होतं.

मार्तंडने बिचाऱ्याने तरीही वन्स मोअर दिला. शेवंती उठली. मशीन दाराशीच असायचं, तिथे येऊन ती थांबली.

"ही ती न्हय," ती मला म्हणाली. "ती खय गेली?"

मी म्हटलं, "अगो, तीच ती."

तिने माझ्याकडे बघितलं, चपला घातल्या आणि बाहेर पडली. दार उघडलं तसा पडद्यावर ऊन आलं आणि लोक दार लावा म्हणून ओरडायला लागले. मशीन बंद करून तिच्यामागे जायला हवं होतं, हे तेव्हाही मला कळत होतं. टोपीवाल्याचा शेवटचा नाच बाकी होता, हॉल भरलेला होता. मी दार लावून घेतलं आणि सिनेमा शेवटपर्यंत दाखवला.